बाबा, रात्रीचा कुकर आता तुमच्याकडे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवा. तिच्या डोळ्यात ड्रॉप्स चालू आहेत, मोबाईल तिच्या हातात द्यायचा नाहीये. आणि तुमच्याबद्दल जे लिहिलंय ते गाळून वाचू नका, शनिवारी आल्यावर मी तिला विचारणार आहे. हे सगळं फोनवर होत नाही कारण फोनवर आई फक्त "आज काय केलंस जेवायला?" एवढंच विचारते, मी पिठलं-भात म्हटलं की पलीकडे दोन सेकंद सामसूम आणि मग "बरं". म्हणजे नातवंडांचे हाल चाललेत, पोरगी ऑफिसच्या नादात घर उपाशी ठेवतेय, असं काहीतरी तिच्या डोक्यात असतं. आणि स्वतः मात्र डॉक्टरांनी काही दिवस फोडणीच्या धुरात, वाफेत उभं राहू नका सांगितलं असताना काल संध्याकाळी भरली वांगी करत होती. मला कळलंय, शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्यांच्यावर चिडू नकोस.

आई, तू मला सांगतेस की रात्रीच्या जेवणाला डावं-उजवं हवं, चटणी हवी, कोशिंबीर हवी, पण तू नोकरीला होतीस तेव्हा आपल्याकडे असं रोज कुठे होतं गं? ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, मला ती गाडी आठवते कारण तू त्यातून निवडलेली मेथी घेऊन घरी यायचीस. पिशवीत एका बाजूला काड्या, एका बाजूला पानं, मटार असले तर दाणे स्टीलच्या डब्यात. घरात पाऊल टाकलं की चप्पल काढायच्या आधी कुकर. रात्री एकच भाजी, वरणभात आणि सकाळच्या पोळ्या, आणि आम्ही दोघं भावंडं त्यावर व्यवस्थित वाढलो. साग्रसंगीत स्वयंपाकाचं हे खूळ तुझ्या रिटायरमेंटनंतरचं आहे. मी तुझंच जुनं चालवतेय, फक्त माझी गाडी मुलुंडला येते आणि आता निवडलेली भाजी स्टेशनबाहेर पिशवीत आयती मिळते. हो, थोडी महाग पडते. पडू दे.

तर आमच्याकडे काय चालतं ते सांगते, कारण आता तेच तुमच्याकडे चालू करायचंय. पोळ्या मावशी सकाळीच करून जातात, त्यामुळे रात्रीचा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. बाकी सगळं रविवारच्या तासाभरावर आहे. कांदा-खोबरं भाजून एकदाच वाटण करते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरला लावते, घट्ट झालं की वड्या काढून पिशवीत. उसळ असो, अंड्याचा रस्सा असो, दोन वड्या टाकल्या की झालं. आलं-लसणात थोडं मीठ आणि तेल घालून वाटते, तेवढ्याने ते काळं-हिरवं पडत नाही लवकर. मटकी मोड आणून ठेवते. वालाचं बिरडं मात्र मी घरी सोलत बसत नाही, दादरला भाजीवाल्या बायका सोललेल्या डाळिंब्या विकतात त्या आणते आणि पाकिटं करून फ्रीजरमध्ये टाकते. आई, तुला हे पटणार नाही, पण चव तीच लागते, जावयांना विचार.

तूरडाळ दोन दिवसांची एकदम शिजवते, नुसती हिंग-हळद घालून, फोडणी न देता. पहिल्या दिवशी साधं वरण, लिंबू, तूप. दुसऱ्या दिवशी त्याचीच आंबटगोड आमटी करते, नाहीतर उरलेली कणिक लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे त्यात सोडते, वरणफळं, मग पोळीही नको आणि भातही नको. धाकट्याला ती इतकी आवडतात की तो विचारतो आज डाळ उरवलीस का. शुक्रवारी लादीपाव आणि भुर्जी, त्या दिवशी भांडी पण कमी. पावसाळ्यात ताजी मासळी महाग होते तेव्हा कांदा-कोकम घालून सुका जवळा, पण तो तुम्ही नका करू, त्यात मीठ फार असतं आणि बाबांचं बीपी आहे.

आता बाबा तुम्ही. तुम्हाला चहा येतो, ऑम्लेट येतं आणि दूध उतू घालता येतं. एवढ्यावर पुढचे पंधरा-वीस दिवस निघणार नाहीत. बाहेरून डबा लावायला आईने नकार दिलाय, तेलकट असतो म्हणून, आणि ती चुकीची नाहीये. तेव्हा रात्रीचा स्वयंपाक तुम्ही करायचा. आईने हॉलमध्ये खुर्चीत बसून तिथूनच सूचना द्यायच्या, ओट्यापाशी यायचं नाही, "जरा बघते" म्हणूनसुद्धा नाही.

कुकर नीट समजून घ्या. तळाला दोन ग्लास पाणी, हे विसरायचं नाही, कारण पाणी आटलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि तो बदलेपर्यंत कुकर बाद. खालच्या भांड्यात अर्धी वाटी डाळ धुऊन, दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब, तेलाने फेस कमी येतो. वरच्या भांड्यात अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी, तुम्हाला दोघांना मऊ भात लागतो तर अजून थोडं. झाकण लावायच्या आधी ते शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसलं पाहिजे, डाळीची सालं अडकतात त्यात. तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं, आणि बंद. त्यानंतर चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, मला माहितीय तुम्हाला धीर नाही, पण डाळ उसळून छतापर्यंत जाते. आपोआप उतरू दे, तेवढ्यात बातम्या बघा.

ज्या दिवशी कंटाळा त्या दिवशी खिचडी. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोन वाट्या पाणी, कुकरमध्येच जिरं-हिंगाची फोडणी, मीठ, हळद. एवढीच. वर तूप. पापड मात्र एकच, आणि तो भाजून, तळून नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम चहाचा एक सपाट चमचा, आणि तुमच्या पानात लोणचं, पापड, सांडगी मिरची मिळूनच तेवढं होत असेल. आई, बरणी वरच्या फळीवर ठेव. नको, तू चढू नकोस. असू दे तिथेच.

उकड तर तुम्हाला नक्की जमेल आणि आईला जीव की प्राण आहे. दोघांना अर्धी वाटी तांदळाचं पीठ पुरतं. ते एक वाटी आंबट ताक आणि अर्धी वाटी पाण्यात आधीच कालवून ठेवा, बोटाने गुठळ्या मोडा, मीठ घाला. कढईत तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, गॅस बारीक करा आणि मग ते पीठ ओता. एका हाताने ओतायचं, दुसऱ्याने हलवत राहायचं, इथे फोन आला तरी घ्यायचा नाही. घट्ट होऊन कढईपासून सुटायला लागलं की झाकण ठेवून एक वाफ. गरम असतानाच ताटलीत घ्या, मधे खळगा करून त्यात कच्चं तेल. फोडणीच्या वेळी खिडकी उघडी आणि स्वयंपाकघराचं दार बंद, म्हणजे धूर हॉलमध्ये जाणार नाही.

भाताचं एक सांगायचंय आणि हे दोघांनी ऐका. रात्रीचा उरलेला भात तुम्ही ताटाखाली झाकून ओट्यावर ठेवता आणि सकाळी फोडणीचा भात करता, वर्षानुवर्षं करत आलोय काय झालं, हे मी ऐकणार नाही. तांदळात एका जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढायला लागतात आणि त्यांच्यातल्या काहींचं विष असं असतं की भात परत कितीही परतलात तरी ते जात नाही. आणि आपल्या मुंबईची हवा, दमट, रात्रीसुद्धा पंख्याशिवाय बसवत नाही, म्हणजे त्यांना तर मजाच. तरण्या माणसाला दोन उलट्या होऊन सुटका होते, तुमच्या वयात अंगातलं पाणी गेलं तर ॲडमिट करायची वेळ येते. म्हणून जेवून उठलात की पसरट डब्यात भात काढायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी खुशाल फोडणी द्या, चांगला वाफ येईपर्यंत परता, आणि तो उरला तर मात्र कबुतरांनाही नको, ओल्या कचऱ्याच्या डब्यात.

डब्यांचंही बघायचंय. तांदळाला बोरिक पावडर लावायची आपल्याकडची जुनी पद्धत आता बंद करा, ती खायची वस्तू नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावा, आणि मुळात दोन माणसांना पाच-पाच किलो भरायचं कशाला, खाली वाणी आहे, एक-एक किलो आणा. मसाल्याच्या बरणीत हिंगाचा खडा आहे ना? मिठाला पाणी सुटलं तर त्यात थोडे तांदळाचे दाणे टाका. कोथिंबीर न धुता, मुळं कापून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आमच्याकडे आठवडाभर टिकते, तुम्ही ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवता आणि तिचं शेण होतं.

गॅसची ज्योत मधे मधे पिवळी दिसतेय असं बाबा म्हणाले होते. बर्नर थंड झाल्यावर काढून त्याची भोकं जुन्या टूथब्रशने साफ करा, निळी झाली पाहिजे. तरी नाही झाली तर मेकॅनिकला बोलवा, स्वतः स्क्रू खोलत बसू नका. आमच्याकडे पाइपचा गॅस आलाय, तुमच्याकडे अजून सिलिंडर, म्हणून नळीवर लक्ष ठेवा, ती ५ वर्षांनी बदलायचीच, वरून चांगली दिसली तरी. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली लादीवर साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं सताड उघडी, आणि लाईटचं किंवा पंख्याचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असेल तर बंदही करायचं नाही. मग घराबाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा. हा नंबर बाबा तुम्ही मोबाईलमध्ये तर टाकाच पण मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

आई, तुला आता वाटत असेल की माझ्या स्वयंपाकघरात हा माणूस काय गोंधळ घालेल. घालेल. चार दिवस डाळीत मीठ कमी, भाताला बूड लागलेलं, ओट्यावर पीठ, तू खुर्चीतून बघायचंस आणि उठायचं नाहीस. आमच्याकडे जावयांनी पहिल्यांदा पिठलं केलं तेव्हा ते सुरीने कापावं लागलं होतं, आता मला यायला उशीर झाला की ते माझी वाटही बघत नाहीत, करून ठेवतात. आणि डोळा बरा झाल्यावरसुद्धा रात्रीचं बाबांकडेच राहू दे असं माझं म्हणणं आहे, तुझ्या गुडघ्यांना संध्याकाळी सुट्टी मिळेल आणि बाबांना सातच्या बातम्यांशिवाय काहीतरी काम. तुला हौस असेल तेव्हा कर की वांगी, सकाळी, थंड वेळेला, बसून चिरून.

शनिवारी दुपारी येते, थोरलीची परीक्षा आहे म्हणून ती नाही, धाकटा असेल बरोबर. पुरणपोळीचा विचारही करू नका, मी डाळिंब्यांची पाकिटं, वाटणाच्या वड्या आणि मोड आलेली मटकी घेऊन येतेय. फ्रीजरमध्ये तेवढी जागा करा, त्या कोपऱ्यात मागच्या वर्षीचा आमरस आहे तो आता टाकून द्या.

तुमची,
मोठी

ता. क. कुकरच्या झाकणाकडून वाफ जाते म्हणालात ना बाबा, ती रिंग सैल झालीय, बदलावी लागेल. कुकर कुठल्या कंपनीचा, किती लिटरचा, ते त्याच्या हँडलवर नाहीतर बुडाशी लिहिलेलं असेल, त्याचा फोटो पाठवा, दुसऱ्या मापाची रिंग बसत नाही. मागच्या वेळेसारखा स्वतःच्या अंगठ्याचा फोटो पाठवू नका.