त्र्यंबक रोडवरच्या पोरांना मेक्सिकोची अर्धीच रेस दिसतेय

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सातपूरला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. मागच्या आठवड्यात संध्याकाळी शटर खाली ओढत होतो तेवढ्यात दोन कॉलेजची पोरं आली, जुनी हॅचबॅक घेऊन, आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवायला लागली. मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकाना नावाची रेस, डोंगरातल्या रस्त्यावरून जुन्या स्टुडबेकर गाड्या सुसाट चाललेल्या, गावातले लोक कडेला टाळ्या वाजवतायत. म्हणे काका, असा रोल केज (गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवतात तो पाईपचा सांगाडा) बसवून द्या ना आपल्या गाडीत, पाईप आम्ही आणलाय. डिकी उघडून बघितलं तर टेबल-खुर्च्यांना वापरतात तो पातळ फर्निचरचा पाईप, बोटाने टिचकी मारली तर पत्र्यासारखा वाजतो. कशासाठी पाहिजे विचारलं तर एक गप्प बसला, दुसरा म्हणाला रात्री त्र्यंबक रोडला आमचा ग्रुप असतो, म्हणजे रेस लावतात.

मी नाही म्हणालो. ती दुसरीकडे गेली असतील आणि कोणीतरी बसवूनही दिला असेल, तेव्हापासून मला चैन नाही म्हणून हे पत्र लिहितोय.

केजचं आधी सांगतो. रेसच्या गाडीत जो मेन हूप, म्हणजे सीटमागची मोठी कमान, असतो तो सीमलेस (बिनजोड) पाईपचा, ४५ मिलीमीटर व्यासाचा आणि अडीच मिलीमीटर जाडीचा नाहीतर ५० व्यासाचा आणि २ जाडीचा असा नियमच आहे, केजचे पाय जिथे टेकतात तिथे फ्लोअरला जाड प्लेट असते, आणि डोक्याजवळचा सगळा पाईप कडक फोमने गुंडाळलेला असतो. आत बसणाऱ्याला सहा पॉइंटचा बेल्ट आणि हेल्मेट लागतं. आता ही पोरं हेल्मेट न घालता, साध्या बेल्टवर, डोक्यापासून चार बोटांवर लोखंडी पाईप घेऊन बसणार. गाडी उलटायची पण गरज नाही, जोरात ब्रेक लागून मागून कोणी ठोकलं तरी डोकं त्या पाईपवरच आपटणार. केज नसता तर कदाचित वाचला असता अशी गत होते, हे कोणी त्यांना सांगत नाही.

आणि ज्या रेसचं वेड आहे तिची गोष्ट तरी पूर्ण माहिती पाहिजे. मेक्सिकोने पॅन-अमेरिकन हायवेचा आपला भाग पूर्ण केला त्याचा गाजावाजा म्हणून १९५० मध्ये ही रेस सुरू केली, अमेरिकेच्या सीमेवरच्या सिउदाद हुआरेझपासून खाली ग्वाटेमालाच्या सीमेपर्यंत, ३,४०० किलोमीटरच्या वर, १३२ गाड्या. जिंकला हर्शेल मॅकग्रिफ, वय २२, साध्या ओल्डस्मोबाइलवर. पोरांनी मला हेच तोंडावर फेकलं की काका तो पण आमच्याच वयाचा होता. बरोबर आहे. पण त्याची सरासरी होती ताशी १२५ किलोमीटरच्या आसपास, आणि १९५४ ला मालियोली फेरारीवर जिंकला तेव्हा सरासरी १७३ वर गेली होती. चार वर्षांत गाड्यांचा वेग कुठल्या कुठे गेला आणि रस्ता मात्र तोच, तीच वळणं, तेच दगडी कठडे, तीच कडेला उभी माणसं. पाच वर्षांत २७ जीव गेले. १९५५ ला फ्रान्समध्ये ल मां इथे मोठा अपघात झाला आणि त्यानंतर मेक्सिकोच्या अध्यक्षांनी ही रेस बंदच केली.

तयारी करूनही माणसं मेलीत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इटलीचे तारुफी आणि बोनेत्तो, दोघं मुरलेले ड्रायव्हर, आधी रस्ता फिरून आले होते आणि धोक्याच्या जागी रंगाने खुणा करून ठेवल्या होत्या. १९५३ ला सिलाओ नावाच्या गावात बोनेत्तोला स्वतःचीच खूण दिसली नाही, त्याची लान्सिया गाडी वेगात तशीच आत शिरली आणि दिव्याच्या खांबावर गेली. माणूस जागेवर गेला. स्वतः रंगवलेली खूण चुकते, मग आपली पोरं तर रस्ता बघायला पण जात नाहीत, मागच्या रविवारी नव्हता तो खड्डा या रविवारी असतो, कुंभमेळ्याच्या कामांमुळे कुठे काय खोदलंय हे रोज बदलतंय.

त्याच्या आदल्या वर्षी, १९५२ ला, मर्सिडीजवर क्लिंग आणि क्लेंक होते. क्लेंक शेजारी बसून वळणांच्या नोंदी वाचून दाखवायचा, आज रॅलीत ज्याला पेस नोट्स म्हणतात त्याची ही सुरुवातीची पद्धत. पहिल्याच टप्प्यात ताशी २०० च्या जवळपास असताना एक गिधाड काच फोडून आत आलं आणि क्लेंकच्या तोंडावर आदळलं, रक्तबंबाळ झाला. नंतर त्यांनी काचेपुढे उभ्या लोखंडी सळ्या लावून घेतल्या. आपल्याकडे गिधाड नसेल पण त्र्यंबक रोडला गाय आहे, कुत्री आहेत, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी जाणाऱ्या दिंड्या आहेत, श्रावणात तिसऱ्या सोमवारच्या आदल्या रात्री ब्रह्मगिरीच्या फेरीला निघालेली लाखभर माणसं आहेत, बायका लेकरं घेऊन अंधारात कडेने चालतात. त्यांच्या अंगावर काय रिफ्लेक्टर असतो का?

१९८८ ला ही रेस परत सुरू झाली, जुन्या गाड्यांची म्हणून, सात दिवस, ३,००० किलोमीटरच्या आसपास. व्हिडिओत जे दिसतं ते फक्त स्पीड स्टेज, म्हणजे वेळ मोजून पळवायचे टप्पे, तेवढा रस्ता पोलीस बंद करतात, समोरून काही येत नाही, गाड्या एकेक करून ठराविक अंतराने सोडतात. दोन स्टेजच्या मधलं अंतर नेहमीच्या ट्रॅफिकमधून, ट्रकच्या मागे, गतिरोधकावरून, नियम पाळूनच कापायचं असतं. हा भाग कोणी व्हिडिओत टाकत नाही कारण बघण्यासारखं काही नसतं. एवढं सगळं करून नवीन रेसमध्येही माणसं गेलीत.

गाडीची तयारी म्हणजे पण पोरांना आवाज आणि स्टिकर वाटतं. तिकडे रस्ता ३,००० मीटरच्या वर चढतो, हवा विरळ, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बदलल्याशिवाय इंजिन दम धरत नाही, आणि मग तेवढंच खाली उतरायचं असतं तिथे खरी परीक्षा ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंशाला उकळतं, ओल धरलेलं १४० लाच, आणि ऑइल उकळलं की पॅडल सरळ खाली जातं, पायाखाली काहीच लागत नाही. कसारा घाट उतरून आलेल्या किती गाड्या मी अशा बघितल्यात. त्या पोरांच्या गाडीचं झाकण उघडलं तर ऑइल काळ्या चहासारखं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यांच्या मागच्या टायरवर होतं ३११४, म्हणजे २०१४ च्या ऑगस्टच्या सुमाराचा, नक्षी चांगली दिसत होती पण वाकवून बघितलं तर रबराला बारीक चिरा. त्यावर १४० ने पळवतात, स्वतःच सांगत होते.

कायदा आहे, नाही असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली परवानगीशिवाय रस्त्यावर रेस लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नाकाबंदी लागली की ग्रुपवर मेसेज पडतो आणि पोरं दुसऱ्या रस्त्याला जातात, आता तर समृद्धी महामार्ग पण मोकळा झालाय. नुसतं पकडून हे थांबेल असं मला वाटत नाही.

नाशिकला रॅली नवीन नाही साहेब. इथे रॅली व्हायच्या तेव्हा मी दोनदा मार्शल म्हणून उन्हात झेंडा घेऊन उभा राहिलोय. माझ्या डोळ्यासमोर एक गाडी वळणावर दोन पलट्या खाऊन शेतात गेली. पोचायला आम्हाला मिनीटसुद्धा लागलं नाही, ॲम्ब्युलन्स मागच्याच पॉइंटला होती, आणि दोघंही बेल्ट सोडून आपल्या पायाने बाहेर आले. तोच वेग, तीच माती, पण रस्ता बंद होता, केज खरा होता आणि आदल्या दिवशी स्क्रुटिनीत एकेक नट तपासलेला होता.

म्हणून जिल्हा प्रशासनाला आणि पोलिसांना कळकळीची विनंती आहे, वर्षातून चार रविवार तरी एखादा रस्ता नीट बंद करून, रीतसर परवानगीने, तपासणी करून या पोरांना द्या. मार्शलला माणसं लागली तर सातपूर-अंबडचे आम्ही गॅरेजवाले येऊ. आणि आपल्या पेपरला पण विनंती, अशा रेसचा फोटो छापाल तेव्हा बंद केलेल्या रस्त्याचा आणि ॲम्ब्युलन्सचा पण एक छापा.

ती दोन पोरं हे वाचत असतील तर त्यांनी रविवारी सकाळी यावं. ब्रेक ऑइल मी फुकट बदलून देतो, टायरचं पण काहीतरी बघू. तो पाईप मात्र काढून ठेवा.

आपला,
एक गॅरेजवाला, सातपूर, नाशिक