आप्पांच्या वर्षश्राद्धानिमित्त बियाणे वाटप : सभासदांसाठी सूचना

आपल्या शेतकरी गटातील सर्व सभासदांना नम्रपणे कळविण्यात येते की, आमचे वडील आप्पा यांचे पहिले वर्षश्राद्ध येत्या रविवारी बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातील आमच्या शेतावर होणार असून, सकाळी दहा वाजता त्यांनी राखलेल्या बासमती भाताच्या बियाण्याचे वाटप करण्यात येईल. बियाणे धरण्यापूर्वी आप्पा मिठाच्या पाण्यात भात सोडून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकत आणि वाळल्यावर एखादा दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय पोत्याचे तोंड शिवत नसत. यंदाचे बियाणेही त्याच रीतीने तयार केले आहे. बळ्ळारी नाल्याच्या पुराने पीक कुजले तरी पाणी ओसरताच ते बांधावर हजर असत, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरल्याखेरीज त्यांना चैन पडत नसे.

कृपया हार किंवा शाल आणू नये. भाषणेही होणार नाहीत, कारण ती ऐकताना आप्पांना हमखास डुलकी लागे. धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या मातीत होणारी पेरणी) तोंडावर असल्याने प्रत्येकाने कापडी पिशवी सोबत आणावी, वहीत नाव नोंदवून एक पायली बियाणे न्यावे आणि सुगीनंतर तेवढेच निवडलेले बियाणे गटाकडे परत करावे. जेवणाची सोय शेतावरच केली आहे.