‘सत्तावीस’ की ‘अठ्ठावीस’?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

संवादकौशल्यावरचा कुठलाही लेख उघडा, तिसऱ्या परिच्छेदाच्या आत ‘९३ टक्के संवाद शब्दांविना होतो’ हे वाक्य हटकून येते. शब्द ७ टक्के, आवाजाचा सूर ३८ टक्के, चेहरा ५५ टक्के. हा आकडा छापणे आता थांबवावे, ही पहिली विनंती.

तो आला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या दोन प्रयोगांतून. त्यांत लोकांना ऐकवले होते ते सुटे शब्द. एका प्रयोगात तर ‘मेबी’ (कदाचित) हा एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत, वेगवेगळ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसोबत. विचारले एवढेच, की बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड दिसते की नावड. शब्द एक सांगतो आणि सूर दुसरेच, तेव्हा ऐकणारा कशावर भरवसा ठेवतो, याचे ते उत्तर आहे. गाडी किती वाजता सुटते किंवा गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे चेहऱ्यावरून कळत नाही. खुद्द मेहराबियन यांनीही ही मर्यादा सांगून ठेवली आहे, ती कुणी छापत नाही.

टक्क्यांपेक्षा उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे : कोणते माध्यम नेमके काय गाळते? प्रत्येकाचे गाळणे ठरलेले असते. ते ठाऊक असले तर गळणारा भाग दुसऱ्या वाटेने पोचवता येतो.

टेलिफोन घ्या. साध्या लाइनवरून आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपने) एवढाच पट्टा पलीकडे जातो. स्वर त्यात बसतात. ‘स’ची सळसळ मात्र बहुतांशी ४००० हर्ट्झच्या वरची, त्यामुळे ती वाटेतच पुसट होते. मराठीत याचा फटका थेट आकड्यांना बसतो. सत्तावीस-अठ्ठावीस, सत्तावन्न-अठ्ठावन्न, सदुसष्ट-अडुसष्ट, सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी : सात आणि आठ यांच्या जोड्या सुरुवातीच्या ‘स’च्या आधारावर उभ्या आहेत. तो गेला की उरते ‘अत्तावीस’, आणि ऐकणारा त्याचे ‘अठ्ठावीस’ करून मोकळा होतो. बोलणाऱ्याला शंकाही येत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या कानात ‘स’ शाबूत असतो. ओरडूनही फायदा नाही. ओरडल्याने स्वर फुगतात, ‘स’ आहे तिथेच राहतो. नव्या ४जी कॉलमध्ये पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, पण दोन्ही फोन आणि मधली जोडणी तशी असेल तरच. एक दुवा जुना असला की पुन्हा ३४००.

‘अंक सुटे सांगा’ हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. तो अर्धाच आहे, कारण ‘सात’ आणि ‘आठ’ यांचीही तीच गत. पुरता उपाय ऐकणाऱ्याच्या हातात आहे : आकडा परत म्हणायचा, आणि तो वेगळ्या रूपात. ‘सत्तावीस’ ऐकू आले तर ‘दोन, सात, तिसाला तीन कमी’. जसाच्या तसा शब्द परत म्हटला तर चूकही जशीच्या तशी परत जाते, आणि सांगणाऱ्याला त्यात आपलेच शब्द ऐकू येतात. दहा अंकी क्रमांक तीन-तीन-चार अशा तुकड्यांत सांगावा आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबून परत म्हणवून घ्यावा. दहाही अंक एका दमात सांगून शेवटी ‘बरोबर?’ विचारणे म्हणजे कुठे चुकले हे शोधण्याची संधी घालवणे.

विमान-वाहतुकीत हे परत म्हणणे ऐच्छिक नाही. तिथली ए, बी, सी ऐवजी म्हणायची ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरमालाही अशाच गळतीपोटी आली, आणि ‘नाइन’चा उच्चार ‘नाइनर’ होतो तो ‘फाइव्ह’शी गल्लत होऊ नये म्हणून. तरीही एक सैल शब्द काय करू शकतो, हे २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दिसले. दाट धुके होते. एका जंबो जेटमधून कळवण्यात आले, ‘वी आर नाउ ॲट टेकऑफ’. उड्डाणासाठी सज्ज उभे आहोत, की उड्डाण सुरू केले? नियंत्रक ‘ओके’ म्हणाला, क्षणभर थांबला, मग ‘थांबा, मी सांगतो’ असे बोलला. नेमक्या त्याच वेळी दुसऱ्या विमानाने ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे कळवले. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघांनी बटणे दाबली की दोन्ही बोलणी एकमेकांत घुसतात. पहिल्या विमानात पोचले ते ‘ओके’, आणि त्यापुढे कर्कश शिट्टी. दोन्ही विमाने धावपट्टीवर आदळली आणि ५८३ माणसे गेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, असे ठरले.

जमिनीवरचे आपले ‘ओके’ म्हणजे ‘कळले का?’ला मिळणारे ‘हो’. ज्याला उलटे कळले तोही ‘हो’च म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. त्याऐवजी ‘मी नीट सांगितले का ते बघू, आता घरी गेल्यावर पहिली गोळी कधी घ्याल?’ असे विचारावे. परीक्षा आपल्या सांगण्याची ठेवली तर समोरचा बिचकत नाही.

व्हिडिओ कॉलमध्ये चेहरा दिसतो, आवाजही चांगला असतो. गळते ती वेळ. दहा भाषांतल्या बोलण्याची मोजदाद करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात. जोडणीत एका दिशेला ३०० मिलिसेकंदांचा उशीर असेल तर जाऊन-येऊन ६०० वाढतात, आणि पटकन दिलेला होकारही नाइलाजाने दिल्यासारखा वाटतो. दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, हेही त्यातूनच. अशा वेळी प्रश्न कुणाला आहे ते नाव घेऊन सांगावे आणि मनात ‘एक, दोन’ मोजून मगच पुढे बोलावे. उशीर एका दिशेला १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर यातले काहीच करावे लागत नाही.

लिखित संदेशात सूर गळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मराठीपुरती अडचण म्हणजे ‘परवा’. बोलताना क्रियापद सोबत असते, ‘परवा झाली’ किंवा ‘परवा आहे’. ‘परवाच्या बैठकीचे कागद पाठवा’ या संदेशात दोन दिवस मागे जायचे की पुढे, हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक. वार आणि तारीख दोन्ही लिहावी. एक चुकली तर दुसरी चुगली करते. एसएमएसबद्दल आणखी एक. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यापुढे गेले की प्रत्येक तुकड्यात ६७. मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची होत नाही. ‘स्त्री’ हे आपले एक अक्षर तिथे सहा धरले जाते : स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी. म्हणून वेळ आणि ठिकाण पहिल्याच ओळीत हवे. नमस्कार-चमत्कारात ७० केव्हाच संपतात.

ओठ वाचणाऱ्यांविषयी गैरसमज असा, की सावकाश आणि मोठ्याने बोलले की भागते. आरशासमोर आवाज न काढता पान, बाण, भान, मान म्हणून पाहा. चारही सारखे दिसतात. ‘काय’ आणि ‘गाय’ यांचेही तसेच, कारण क-ग घशाजवळ घडतात, ओठांवर नाहीत. उरलेले काम वाचणारा संदर्भावरून करतो, आणि ते थकवणारे असते. त्याला आधी विषय सांगावा. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा, पाठीमागे खिडकी नको. कळले नाही तर तेच वाक्य तिसऱ्यांदा न म्हणता शब्द बदलावेत. ओरडल्याने ओठांचा आकार बिघडतो, म्हणजे होते तेही जाते.

आणि दुसरी विनंती. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेला बातमीत ‘हातवारे’ किंवा ‘खाणाखुणा’ म्हणू नये. भाषा-अभ्यासक विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्येच अमेरिकन सांकेतिक भाषेच्या खुणा सुट्या घटकांत मांडून दाखवल्या. पंजाचा आकार, जागा, हालचाल यांपैकी एक बदलले की अर्थ बदलतो, जसा ‘प’च्या जागी ‘ब’ आला की बदलतो. जगभर एकच सांकेतिक भाषा आहे हेही खरे नाही. अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. आजूबाजूला इंग्रजी असली तरी अमेरिकन भाषेचे मूळ फ्रेंच सांकेतिक भाषेत आहे. शिवाय चेहरा हा तिथे भावनेपुरता नसतो, तो व्याकरण असतो. अमेरिकन सांकेतिक भाषेत हो-नाही उत्तराचा प्रश्न विचारताना भुवया वर जातात. ‘कोण’, ‘कुठे’ विचारताना खाली येतात. पडद्याच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत दुभाषी बसवला की हात कसेबसे दिसतात, भुवया दिसत नाहीत, आणि विचारलेला प्रश्न बघणाऱ्यापर्यंत विधान होऊन पोचतो. चौकट मोठी करायला वेगळी यंत्रे लागत नाहीत.

आपला,
एक वाचक