बेस वाढवा, पण स्वच्छ

महोदय,

रॅप म्हणजे धांगडधिंगा, असं आपल्या पुरवणीत वाचलं, म्हणून हे पत्र. पंचवटीत तीस वर्षं मी साउंड भाड्याने दिला. ‘बेस वाढवा’ म्हणणारे शेकड्याने भेटले, तो स्वच्छ येतोय का हे एकानेही विचारलं नाही.

परवा नातवाने अमेरिकन रॅपर आणि संगीत निर्माते डॉ. ड्रे यांचा २०१५चा ‘कॉम्प्टन’ हा अल्बम ऐकवला. शिव्या ऐकून आधी हेडफोन काढून ठेवला, हे कबूल. दुसऱ्यांदा मात्र कान लागला. एवढे गायक, एवढी वाद्यं, तरी कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. ड्रमचा ठोका वेगळा, खालचा बेस वेगळा. गणपतीच्या मिरवणुकीत मला हे एकदाही साधलं नाही!

१९९९मध्ये आलेल्या त्यांच्या ‘२००१’ नावाच्या अल्बमनंतर सोळा वर्षांनी ‘कॉम्प्टन’ आला. मधला ‘डिटॉक्स’ हा अल्बम त्यांनी स्वतःलाच आवडला नाही म्हणून बाजूला ठेवला. पन्नाशीत असं करायला छाती लागते. ‘कॉम्प्टन’चं मानधनही त्यांनी त्याच नावाच्या आपल्या गावातल्या मुलांच्या कलाकेंद्रासाठी जाहीर केलं होतं.

पुढच्या वेळी लिहिणाऱ्याने आधी ऐकावं. हेडफोन मी देतो.

– एक निवृत्त साउंडवाला, पंचवटी, नाशिक