माननीय आरोग्यमंत्री, मी दारू पीत नाही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ले तालुक्यातला. गळ्यात तुळशीची माळ आहे, दारूला कधी शिवलेलो नाही. तरी परवा आमच्या भागातल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी माझा सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडला, ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात मध्यम चरबी साचलेली, एवढं वाचलं आणि मान वर न करता विचारलं, "किती वर्षं पिताय?" दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावरून आवाज आला, "गळ्यात माळ आणि ह्यां काय?" पीत नाही म्हणालो, तर उत्तर मिळालं, "मग खाणं आवरा." केसपेपरवर ‘वजन कमी करा’ लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला. मी घरी पोचायच्या आधी ही गोष्ट वाडीत पोचली होती.

साहेब, दारुडा नाहीतर खादाड, एवढ्या दोनच रकान्यांत आमचा आजार बसवू नका. २०१३ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या चमूने जुळ्या बहिणींच्या आतड्यांतले जीवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले. जोडीतली एक स्थूल, दुसरी सडपातळ. उंदरांना अन्न एकच दिलं, तरी स्थूल बहिणीचे जीवाणू मिळालेल्या उंदरांवर चरबी जास्त चढली. २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी तपासलेल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के जणांच्या आतड्यांत क्लेबसिएला न्यूमोनिये या जीवाणूचे भरपूर अल्कोहोल तयार करणारे प्रकार सापडले. थेंबही न पिता! माझ्या पोटात तेच चाललंय असा माझा दावा नाही. पण हे ठाऊक असलेला डॉक्टर चारचौघांत माणसाची अब्रू काढणार नाही.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून येतं. चोथा असलेलं अन्न खाऊन उपयोगी जीवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं. तो चोथा तुटला की अस्तर सैल पडतं, जीवाणूंची विषं थेट यकृतात उतरतात आणि तिथे सूज धरते. आमच्या घरात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज होती. आता रेशनचा पांढरा तांदूळ आहे, आणि शाळेसमोरच्या टपरीवर पाकिटांच्या माळा लटकतात. सर्दी झाली तरी दवाखान्यात अँटिबायोटिक हातात पडतं, ते पोटातल्या चांगल्या जीवाणूंनाही मारतं. आमचं पोट असं कुणी बिघडवलं? सगळा दोष आमच्या जिभेचाच का?

केंद्राने २०२१ साली फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. देशातल्या दर तीन प्रौढांमागे एकाहून जास्त जणांना हा आजार आहे असे अंदाज आहेत. गेल्या वर्षी आमच्याकडच्या शिबिरात व्यासपीठावरून सांगितलं, यकृत किती कडक झालंय ते मोजणारं मशीन तालुक्यात येणार. टाळ्या झाल्या, हार पडले. मशीन अजून आलेलं नाही. मी आंबोली घाट चढून कोल्हापूरला गेलो, पदरचे पैसे मोडून तपासणी केली, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली. शेजारचे लोक गोव्याला जातात. कोकणी माणसाने आजारी पडायचं तर आधी एसटीचं वेळापत्रक बघायचं, हे किती वर्षं चालणार? निवडणुकीला आमच्या वाडीचा रस्ता सगळ्यांना सापडतो, मग मशीनला का सापडत नाही?

मशीन राहू द्या. वय, एएसटी आणि एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरं) आणि प्लेटलेट, एवढ्यावर यकृत किती कडक झालं असेल याचा अंदाज देणारा ‘फिब-४’ नावाचा आकडा निघतो आणि कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवता येतं. त्याला लागतं साधं रक्त आणि कागद-पेन. माझ्या रक्ताचे रिपोर्ट त्याच टेबलावर पडले होते. ते गणित कुणी केलं नाही.

तेव्हा मागणी अशी: मधुमेह किंवा वाढलेलं वजन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाचा हा आकडा तालुक्याच्या रुग्णालयात काढला जावा. आहार सांगणारा माणूस तिथे नेमा, आणि त्याने आम्हाला ओट्स सांगू नयेत, नाचणी-कुळीथ सांगावेत. रेशनवर नाचणी द्या. रुग्णाला दारूचं विचारायचं तर दार लावून विचारा. मशीन कोणत्या महिन्यात येणार ते लेखी कळवा. ‘पाठपुरावा सुरू आहे’ असं छापील पत्र मला नको.

आपला,
वेंगुर्ले तालुक्यातील एक रुग्ण