नोकरी शोधण्याचं काम कसं चालतं

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"कुठून काही कळलं का?" असं तुम्ही रोज विचारता, आणि "नाही" ऐकून तुमचा आवाज पडतो. म्हणून हे काम आता कसं चालतं ते नीट लिहून कळवतेय.

माझी नोकरी कंपनीच्या कपातीत गेली. कपातीत जागाच रद्द होते. कामात खोट निघाली म्हणून काढणं वेगळं. मुलाखतीत ते दोन वाक्यांत सांगायचं, "विभाग बंद झाला, त्यात माझी जागा गेली," आणि लगेच नव्या कामाकडे वळायचं. जुन्या कंपनीवर राग काढत बसलं की समोरच्याच्या मनात शंका येते.

अनुभवाचं पत्र, कार्यमुक्तीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि अंतिम हिशेब हे कागद आधी ताब्यात घ्यायचे. ऑफिसचा ईमेल बंद झाल्यावर त्यांच्यासाठी खेटे घालावे लागतात.

बाबा, एकच बायोडेटा टाइप करून त्याच्या झेरॉक्स सगळीकडे देणं आता चालत नाही. पुष्कळ कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन रकाने, तक्ते, चित्रं असली की त्यातला मजकूर उलटसुलट होऊ शकतो. म्हणून साधी, एका रकान्याची दोन पानं बरी. जाहिरातीत कामाला जो शब्द वापरलाय तोच आपल्या अर्जात हवा, अर्थात ते काम खरंच येत असेल तरच. "हिशेब सांभाळले" याने काही कळत नाही. "महिन्याचा ताळेबंद 8 दिवसांऐवजी 5 दिवसांत पूर्ण केला" असं लिहिलं की कळतं. असा एक अर्ज बेतायला तासभर जातो. दिवसाला दोन-तीन झाले तरी पुष्कळ.

त्याहून उपयोगी पडते ती ओळख. मात्र "नोकरी आहे का?" असं विचारलं की माणूस अवघडतो. "तुमच्याकडे हे पद निघालंय, त्यात नेमकं काम काय असतं? 15 मिनिटं बोलाल का?" याला बरेच जण हो म्हणतात, आणि काम जुळलं तर कधी आपणहून नाव पुढे करतात.

पुढे एचआरचा फोन, कामाची परीक्षा, साहेबांची मुलाखत, पगाराची बोलणी. मध्ये कित्येक आठवडे जाऊ शकतात. मंजुरी अडकते, आतलाच उमेदवार पुढे येतो, कधी पदच थांबवतात. त्यामुळे शांतता म्हणजे नकार असं धरू नका. आठवड्याने एकदा आठवण करायची. रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेलं पत्र हातात येईपर्यंत दुसरे अर्ज थांबवायचे नाहीत. तोंडी होकार बदलू शकतो.

आई, कुणी विचारलं तर कपात झाली असं मोकळेपणाने सांग, लपवू नकोस. ओळखी त्यातूनच निघतात. फक्त नोकरीसाठी ट्रेनिंगचे, नोंदणीचे किंवा लॅपटॉपच्या डिपॉझिटचे पैसे कुणी मागितले, तर दोघांनीही एक पैसा देऊ नका आणि ओटीपी सांगू नका.

आणि रोजच्या त्या प्रश्नाऐवजी रविवारी विचारा, "या आठवड्यात किती जणांशी बोललीस?" त्याचं उत्तर माझ्या हातात आहे.

तुमची लेक