यादीतली पुस्तकं आणि ती कुठून उघडावीत

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझी यादी मिळाली. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही अशी पुस्तकं, आणि वर तुझी अट की परीक्षण नको, खरं काय वाटतं ते लिही. मग सरळच सांगतो. यातली निम्मी पुस्तकं लोक अर्धवट टाकतात. पुस्तक वाईट असतं म्हणून नाही, भलत्या टोकाने किंवा भलत्या वेगाने वाचायला घेतात म्हणून.

भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी 'कोसला' तू दोनदा खाली ठेवलंस, म्हणून आधी ते. १९६३ चं पुस्तक, पण त्यातलं ते 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' अजूनही दाताखाली खड्यासारखं येतं. रोज झोपताना पाच पानं, असं वाचलंस तर दर रात्री नव्याने वैतागशील. पहिल्या बैठकीला सलग पन्नास पानं काढ. तेवढ्यात कान सरावतो आणि मग गोष्ट सांगणारा नायक पांडुरंग सांगवीकर विनोदी वाटायला लागतो. पुण्यातलं वसतिगृह, मेस, पैशांचा विचका हा भाग भराभर जातो. खरं पुस्तक आहे ते बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी आणि त्यानंतरच्या अजिंठ्यात. ती पानं मात्र सावकाश वाच. गावी परतल्यानंतरचा शेवटाकडचा भाग मला लांबलेला वाटतो. नेमाडेभक्तांना हे सांगू नकोस.

'माझा प्रवास' घेताना आवृत्ती बघूनच घे. लेखक विष्णुभट गोडसे हा कोकणातल्या वरसईचा कर्जबाजारी भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ साली उत्तरेला निघाला आणि नेमका बंडात सापडला. चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं, पण भाषा साफसूफ करून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. प्रस्तावनेत या दोघांपैकी कुणाचा पाठ छापलाय ते पाहा. वैद्यांचा पाठ वाचायला सोपा, पण भटजींचा स्वतःचा आवाज हवा असेल तर पोतदारांचा.

वाचताना पेन्सिल जवळ ठेव आणि समासात दोनच खुणा कर: पाहिलेलं, ऐकलेलं. कानपूरकडच्या हकिकती बऱ्याचशा कानावर आलेल्या आहेत, त्यांच्यावर इतिहास म्हणून विसंबू नकोस. झाशीच्या वेढ्यात मात्र हा माणूस स्वतः शहरात होता. तिथे लूटसुद्धा क्रमाने येते: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, पुढे कपडे आणि धान्यही. एवढा हिशेबी तपशील भिक्षुकाच्याच नजरेला दिसतो. तीर्थक्षेत्रांची आणि दानधर्माची वर्णनं कंटाळा आणतात; ती चाळ, पण सोडू नकोस, मधूनच रस्त्यातली चोरीमारी आणि उपासमार येऊन जाते.

'युगान्त' म्हणजे इरावती कर्व्यांचे महाभारतातल्या माणसांवरचे लेख. ते पहिल्या पानापासून वाचायचं बंधन नाही, कारण लेख स्वतंत्र आहेत. पहिला लेख भीष्मावर आहे, त्याच्या त्यागाचा कुणाला काय उपयोग झाला असं विचारणारा. त्यात वाद इतका आहे की नवा वाचक दमतो. गांधारीपासून सुरुवात कर, ती जवळजवळ कथाच आहे. मग द्रौपदी, आणि नंतर भीष्माकडे ये. इरावतीबाईंनी आधार घेतलाय तो आपल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे जुन्या हस्तलिखितांची तुलना करून ठरवलेल्या महाभारताच्या पाठाचा. त्यामुळे टीव्हीवरचं महाभारत डोक्यात असेल तर जागोजागी अडखळशील. द्रौपदीच्या तोंडचं ते 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' त्या आवृत्तीत नाहीच. माझी कुरकुर एकच: बाई निकाल फार पटकन देतात. पण देतात ते उघडपणे, वाचकाला भांडायला जागा ठेवून.

व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी 'बनगरवाडी' छोटी आहे. गोष्ट कधी सुरू होणार याची वाट पाहणारे फसतात, कारण तिथे कथानकापेक्षा माणसं आहेत. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते, तो प्रसंग वाचून बघ. त्यातही रस वाटला नाही तर पुस्तक खुशाल परत कर. विश्राम बेडेकरांची कादंबरी 'रणांगण' एका रविवारचं काम. तिचा नायक चक्रधर आवडणार नाही, त्याने आवडायचं नाहीच आहे. जी. ए. कुलकर्ण्यांचा कथासंग्रह 'काजळमाया' आठवड्याला एक कथा, जास्त नाही. लागोपाठ दोन वाचल्या की दुसरी पहिलीच्या अंधारात बुडते.

'रुचिरा' हे कमलाबाई ओगल्यांचं पाककृतींचं पुस्तक तू यादीत गमतीने घातलंयस, पण ते वाचायलाही चांगलं आहे. वाटी-चमच्याची मापं असल्याने वजनकाटा लागत नाही. फक्त एका पदार्थाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वाटी वापर. पिठाला मोठी आणि पाण्याला छोटी घेतलीस की प्रमाण बिघडतं आणि बोल पुस्तकाला लागतात.

इथल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत जुनी प्रत घेणार असशील तर दुकानातच पानांचे आकडे तपास. पुस्तक बहुधा सोळा पानांच्या फॉर्मांत, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या जुडग्यांत, छापलेलं असतं, म्हणून गळलं तर एक पान गळत नाही, फॉर्मच गळतो: ६४ नंतर थेट ८१. कधी तोच फॉर्म दोनदा शिवलेला असतो, तेव्हा जाडी बरोबर दिसते आणि फसायला होतं. पुस्तक मधोमध उघडून बघ. जुजबंदीची शिवण असेल, म्हणजे फॉर्म दोऱ्याने एकमेकांना शिवलेले असतील, तर सपाट पडतं. कडेने पिना मारलेलं असेल तर आतला समास गिळला जातो आणि तुझ्या पेन्सिलीच्या खुणांना जागा उरत नाही. आतल्या कडेला कसरीने, म्हणजे कागद खाणाऱ्या किड्याने, खाल्लेल्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर पाच-पन्नास रुपये कमी करून घेण्यापेक्षा ती प्रत सोडच, नाहीतर कपाटातल्या बाकीच्यांनाही लागेल.

'कोसला' विकत घेऊ नकोस, माझी प्रत पाठवतो. 'माझा प्रवास' कुठल्या पाठाचं मिळालं ते कळव.

तुझाच,
मित्र